पंख आहेत, धड हवंय

विमान अर्धवट राहतं, पण त्याचे किस्से कधी अर्धवट राहत नाहीत! आमच्या मंडळींत आजवर एकही विमान पुरं झालेलं नाही, किस्से मात्र इतके साठलेत की माळ्यावर जागा उरलेली नाही.

नकाशा मागवून, स्वतःच्या हाताने, घरीच एक-दोन सीटचं विमान बांधणारी माणसं आपल्याकडे आहेत. सुरुवात करणारे पुष्कळ, शेवटाला नेणारे थोडे. मग कोणाची बदली होते, कोणाची कंबर धरते, कोणाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आणि अर्धं विमान विकायला निघतं. ते घेणारा असतो असाच दुसरा कोणीतरी वेडा. आम्ही त्यातले तिघे. मी विमा कंपनीतला साधा ऑफिसवाला, राहणार गिरगाव. दुसरे केळकर सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले, दादरचे. आणि तिसरा राऊळ, लालबागला फर्निचरचं वर्कशॉप चालवणारा, माझा शाळेपासूनचा मित्र.

\* \* \*

सुरुवात एका जाहिरातीने झाली. विमानवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एके दिवशी आलं, "दोन सीटचं विमान विकणे आहे. पंख तयार. धड नाही. गिरगाव."

गिरगाव! म्हणजे माझ्या घरापासून पाच मिनिटांवर कोणीतरी विमान बांधत होतं आणि मी आयुष्यभर त्याच गल्लीतून भाजी आणत होतो!

केळकर सर सावध माणूस. म्हणाले, "अहो, पण धड नाही म्हणजे आपण नक्की काय विकत घेणार?"

राऊळ म्हणाला, "सर, विमान धड नाय एवढंच ना? आपण तरी कुठे धड आहोत!"

त्याच संध्याकाळी सौदा झाला.

\* \* \*

विकणारे दांडेकर काका. ऐंशीच्या घरातले, चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. ॲल्युमिनियमचे दोन लांबलचक पंख त्यांनी खोलीत बसून बांधले होते आणि मग खोलीत झोपायला जागा उरेना म्हणून गॅलरीत भिंतीला लावून ठेवले होते. शेजारच्या वहिनी त्यांच्यावर पापड वाळत घालायच्या. "पत्रा छान तापतो हो," म्हणाल्या, "आता पापडांचं काय करायचं?"

खरा प्रश्न पंख खाली आणायचा होता. जिन्याचं वळण एवढं अरुंद की पंख तिथून जाणं अशक्य. काकांनी ते बांधताना मोजलं नव्हतं का? काका शांतपणे म्हणाले, "मी वर जायचा विचार करत होतो. खाली आणायचा केलाच नाही!"

शेवटी गॅलरीतूनच दोर लावून सोडायचं ठरलं. चाळीतले सगळे जमले. गाद्या अंथरल्या गेल्या, वरून राऊळ आणि चारपाच जण दोर सोडत होते, खाली मी आणि सर हात वर करून उभे. पहिला पंख कठड्याबाहेर गेला. हळूहळू, हळूहळू खाली येऊ लागला. समुद्राकडून वारा आला आणि तो जरासा डोलला.

एवढ्यात काका वरून ओरडले, "थांबा! थांबा!"

वरच्यांनी दोर घट्ट आवळले. कुठे अडकला? काय तुटलं?

काका कठड्याला दोन्ही हात लावून बघत उभे होते. म्हणाले, "काही नाही रे. दोन मिनिटं तिथेच असू दे. पहिल्यांदाच हवेत आलाय."

\* \* \*

पंख टेम्पोतून लालबागला आले. वर्कशॉपच्या वरच राऊळचं घर. त्याची आई खाली आली, दोन्ही पंखांभोवती फेरी मारली आणि मुलाकडे बघून म्हणाली, "पंख हाडलंस, आणि कोंबडो खंय आसा?"

'कोंबडा कुठाय?' हा आईचा प्रश्न आम्हाला पुढे तीन वर्षं पुरला!

\* \* \*

त्याच वर्कशॉपमध्ये राऊळची गिऱ्हाइकं यायची. एकदा शिवडीच्या नव्या टॉवरमधलं एक नवंकोरं जोडपं आलं. वॉर्डरोब बघायला आलेले, पण नजर गेली पंखावर. राऊळने तो चकचकीत पुसून कोपऱ्यात आडवा टांगला होता. नवरा म्हणाला, "वॉव! हे टीव्ही युनिट आहे का?"

"नाय ओ. विमानाचा पंख आहे तो."

"तेच! थीम खूप छान आहे. कितीला पडेल?"

राऊळने पुन्हा समजावलं की हा खरा पंख आहे, खऱ्या विमानाचा, हा आकाशात जाणार आहे. बायको शांतपणे ऐकत होती. तिला पटल्यासारखं वाटलं. मग तिने विचारलं, "बरं, पण यात ड्रॉवर किती येतील?"

\* \* \*

पंखाच्या मागच्या कडेला ज्या हलत्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर धातू नव्हे, कापड चढवायचं होतं. विमानाचं खरं कापड परदेशातून येतं आणि महाग असतं. म्हणून सर म्हणाले, आधी साध्या पॉलिएस्टरवर हात बसवू. आम्ही हिंदमाताला गेलो. दुकान साड्यांचं आणि ड्रेस मटेरियलचं. गादीवरच्या शेठनी ठाण ओढत विचारलं, "कोणासाठी दाखवू? मिसेस की मुलगी?"

केळकर सरांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "विमानासाठी."

शेठच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "रोजच्या वापराला की फंक्शनला?"

"रोजच्या," सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले.

"मग हा घ्या साहेब. वॉश अँड वेअर. इस्त्रीची कटकट नाही."

"छे छे! इस्त्री तर लागलीच पाहिजे!" सर उसळले. कारण हे कापड सांगाड्यावर चढवलं की गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे ते आकसून ढोलासारखं ताणलं जातं. इस्त्रीने न आकसणारं कापड आमच्या काय कामाचं?

शेठनी सरांकडे पहिल्यांदाच निरखून बघितलं. म्हणाले, "बावीस वर्षं झाली गादीवर बसून. कापड आकसायला पाहिजे म्हणणारं गिऱ्हाईक पहिलं तुम्हीच!"

आणि आतून वेगळं ठाण काढून, वर मीटरभर फुकट दिलं. "विमान उडलं की कळवा. आमचं कापड आहे म्हणून सांगेन सगळ्यांना."

\* \* \*

उंची दाखवणारं मीटर शोधायला आम्ही माझगावला एका भंगारवाल्याकडे गेलो. तोडलेल्या बोटींचा माल असायचा त्याच्याकडे. पितळेचं एक सुंदर डायल त्याने आमच्या हातात ठेवलं. "एकदम वही चीज है साब. हवा का मीटर."

सर म्हणाले, तपासून घेऊ. मीटर हातात धरून ते समोरच्या जुन्या इमारतीत शिरले आणि जिने चढून गच्चीपर्यंत गेले. एवढ्या उंचीवर काटा थोडा तरी सरकायला हवा होता. घामाघूम होऊन खाली आले. "काटा जागचा हलला नाही!"

भंगारवाल्याने चहाचा घोट घेतला. "साब, बोट का माल है. बोट पे किधर ऊपर नीचे जाना है? काटा हिला, तो समझो बोट डूबी!"

सरांनी ते मीटर घेतलंच. घरी हॉलमध्ये लावलंय. म्हणतात, इतकं स्थिर डोकं घरात कोणाचंच नाही.

\* \* \*

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. धड काही मिळेना. एक मिळालं ते दुसऱ्याच नकाशाचं, आमचे पंख त्याला बसणार नव्हते. एकाचं पार गंजलेलं निघालं. इकडे राऊळचा धंदा वाढला, वर्कशॉपमध्ये पंखांची अडचण व्हायला लागली. दांडेकर काका दर रविवारी फोन करून विचारायचे, "काय, मिळालं का स्थळ?" जणू घरात मुलगी लग्नाची आहे!

त्यातच लोअर परळचा एक रेस्टॉरंटवाला आला. त्याला दोन्ही पंख छताला टांगायला हवे होते. भाव आमच्या अपेक्षेपेक्षा बराच वर सांगत होता. राऊळ माझ्याकडे बघू लागला, मी सरांकडे. खरं सांगतो, त्या दिवशी आमचं मन डगमगलं.

रेस्टॉरंटवाला म्हणाला, "अहो, विचार कसला करताय? हवेतच राहतील की!"

सर म्हणाले, "हवेत राहणं आणि टांगून घेणं यात फरक आहे. फिजिक्समध्ये पण आणि आयुष्यात पण!"

तो गेला. राऊळने नव्या कपाटाचं लाकूड बाजूला सारलं आणि पंखांना जागा केली.

\* \* \*

आणि मग परळच्या सामंत बाई.

ग्रुपवर फोटो आला, धड तयार, दोन सीट, इंजिन बसवलेलं, पंख नाहीत. सरांनी फोटो मोठा करून करून पाहिला आणि त्यांचा आवाजच बदलला. "अहो, नकाशाही तोच आहे! आपल्याच विमानाचं धड आहे हे!"

रविवारी आम्ही पोचलो. जुन्या गिरणीच्या मागच्या बाजूला एक गाळा होता. सामंत बाई रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, विमान बांधत होते ते त्यांचे मिस्टर, दोन वर्षांपूर्वी गेले. बाईंनी शटर वर केलं. आत चादरीखाली विमान. चादर ओढली तर कुठे धुळीचा कण नाही. समोर तीन खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या.

"बसा," बाई म्हणाल्या. आम्ही बसलो. सरसुद्धा विद्यार्थ्यासारखे बसले!

"आधी दोघे येऊन गेले. त्यांना नुसतं इंजिन हवं होतं. मी त्यांना चहासुद्धा दिला नाही. तुम्हाला काय हवंय?"

"सगळं," राऊळ म्हणाला.

बाईंचा चेहरा जरा सैल झाला. राऊळ उठून धडाजवळ गेला. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाला, "काय साफ हात होता ओ तुमच्या मिस्टरांचा!"

"एकट्याचा हात नाही तो," बाई म्हणाल्या. "रिव्हेट मारायला दोघं लागतात. बाहेरून ते गन चालवायचे. मी आत बसून पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. शाळा सुटली की रोज. ह्यातला एकेक रिव्हेट आम्ही दोघांनी मारलाय."

राऊळने बोट मागे घेतलं. मग राऊळनेच विचारलं, "मग विकताय कशाला, बाई?"

"पंख राहिले. एकटीने कसे करणार?"

पुढच्या रविवारी, बसतोय का बघावं म्हणून आम्ही एक पंख टेम्पोतून घेऊन गेलो. चौघांनी उचलून धडाला लावला. भोकासमोर भोक आलं. सर बोल्ट घालायला पुढे झाले, तर बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः सरकवला. गेला! लोण्यात सुरी जावी तसा गेला.

बाई बराच वेळ त्या पंखावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "ह्या पंखांचं काय घ्याल?"

राऊळ गोंधळला. "बाई, विकायला तुम्ही काढलंय. घ्यायला आम्ही आलोय!"

"ते मघापर्यंत."

आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर आलो. इतकी वर्षं शोधलं, सापडलं आणि आता हातचं जाणार? सर काचेचा ग्लास नुसता फिरवत होते. शेवटी राऊळ म्हणाला, "सर, आपल्याला पंखांना धड पायजे होतं. मिळालं ना? मग नावावर कोणाच्या, त्याने काय होतं?"

सरांनी चहा संपवला. "मात्र अट घालायची. काम संपेपर्यंत आपण तिघांनी यायचं."

बाईंनी अट ऐकली आणि म्हणाल्या, "रविवारी नऊ वाजता. उशीर चालणार नाही."

तेव्हापासून रविवार परळला. राऊळ बाहेरून रिव्हेट मारतो, बाई ठोकळा घेऊन आत शिरतात, सर नकाशा धरून दोघांच्या चुका काढतात आणि मी चहा आणतो. परवानग्यांचे कागद बाई स्वतः बघतात. समोरच्या साहेबाला त्या "बाळ" म्हणतात, त्यामुळे फाइल पुढे सरकते!

गेल्या महिन्यात काम ऐन रंगात असताना एक मोटारसायकल गाळ्यासमोर थांबली. पुण्याहून आलेला माणूस, मोबाइलवर बाईंची ती जुनी जाहिरात उघडलेली. दोन्ही पंख लावलेलं विमान बघून त्याचे डोळे विस्फारले. "इथेच ना? विमान विकायचंय ते?"

राऊळची गन थांबली. धडाच्या आतून बाईंचा आवाज आला, "विकलं!"

"अरेरे! इतक्या लांबून आलो हो. घेतलं तरी कोणी?"

कॉकपिटमधून आधी ठोकळा धरलेला हात वर आला, मग पांढरे केस, मग गॉगल.

"मी."