मौन शिबिरातलं शिलाई मशीन

"बाई, तुमच्या लेखनानं आमचं मौन बुडालं की हो!" मॅनेजर देसाई मला व्हरांड्यात गाठून कुजबुजले. "सकाळच्या ध्यानात माणसं खुदुखुदु हसायलेत. भंतेजींनी लिहून दिलंय बघा. आज संध्याकाळी वाचनाखेरीज कुणी तोंड उघडलं, की लेखन बंद. कायमचं."

धारवाडच्या एका कॉलेजात मराठी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. ध्यान आणि लेखन एकत्र घ्यावं, हा माझा जुना हट्ट. कलघटगीजवळच्या या बौद्ध ध्यानशिबिरात मला रोज संध्याकाळचा एक तास मिळाला, तोही 'ट्रायल बेसिस'वर. भंतेजी, म्हणजे शिबिर घेणारे भिक्षू, पूर्वाश्रमी गोकुळ रोडवरच्या कारखान्यात फोरमन होते. शिस्त तेव्हाचीच. शिबिरात त्यांचंही मौन असे. सूचना सगळ्या कॅसेटवरून.

दिवसभर आनापान करायचं. म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. संध्याकाळी मनात आलेलं लिहायचं आणि हवं त्यानं वाचून दाखवायचं. लिहिलेलं वाचणं हे बोलणं धरायचं नाही, ही सवलत मीच भांडून मिळवलेली. तीच अंगाशी आली.

कारण पहिल्याच संध्याकाळी सुमनअक्का उठल्या. दुर्गदबैल बाजारातल्या कापडदुकानदार बाबूअण्णांच्या या पत्नी. दोघंही शिबिराला आलेले. अक्कांनी वाचलं, "एक बाई होती. तिच्याकडे माहेरचं शिलाई मशीन होतं. एक्स्चेंज ऑफरमध्ये तिच्या नवऱ्यानं ते न विचारता दिलं आणि मिक्सर आणला. मिक्सरवर ब्लाउज शिवता येत नाही."

पुरुषांच्या रांगेत बाबूअण्णांनी डोळे गच्च मिटले. मी शिक्षिकेच्या थाटात म्हटलं, "तपशील छान आहेत."

दुसऱ्या संध्याकाळी अण्णा उभे राहिले. "एक व्यापारी होता. बायकोचे डोळे दुखतात म्हणून त्याच्या जिवाला घोर. मशीन गेलं तर तिला विश्रांती मिळेल, असं त्याला वाटलं."

अक्का छताकडे बघत राहिल्या. मला अभिप्राय देणं भाग होतं. "व्यापाऱ्याचं मोटिव्हेशन, म्हणजे तो असं का वागतो ते कारण, अजून पटत नाही."

बायकांच्या रांगेतून हसू फुटलं. भंतेजींनी घंटा वाजवली. त्या रात्री कुणी श्वास बघितला असेल, असं मला वाटत नाही. आणि सकाळी देसाई आले.

त्या संध्याकाळी मी देवाला हात जोडूनच हॉलमध्ये गेले. 'आज निसर्गवर्णन लिहा,' असं फळ्यावर लिहिलं. अण्णांनी आज्ञाधारकपणे सुरुवात केली.

"कलघटगीच्या रस्त्यावर चिंचेची झाडं होती. त्या झाडांखालून व्यापारी चालला होता. मशीन इथल्या एका टेलरनं नेलंय, असा त्याला पत्ता लागला होता. ही शिबिराच्या आधीची गोष्ट. बायको बोलत नव्हती, त्यामुळे तिला सांगायचं राहिलं. व्यापाऱ्यानं टेलरचे पाय धरायचेच बाकी ठेवले. टेलर आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला..."

शेवटची ओळही अण्णांनी वाचूनच दाखवली आणि कागद खाली ठेवला. "इथवरच लिहून झालंय."

मी श्वास रोखून सगळ्यांची तोंडं बघत होते. कुणी बोलू नका रे!

"मशीन वापस बंतेनु?"

मशीन परत आलं का, असं कन्नडमध्ये विचारणारा आवाज समोरच्या आसनावरून आला होता. भंतेजींचा.

देसायांनी कपाळाला हात लावला. भंतेजी कानापर्यंत लाल झाले. आणि सुमनअक्का पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगा की आता! भंतेजी विचारायलेत."

"टेलरच्या बायकोला मिक्सर पाहिजे म्हणं," अण्णा चाचरत म्हणाले. "आपला मिक्सर दिला, की ती मशीन देती. पर तुला विचारल्याबिगर कसं हो म्हणू?"

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. "एवढं आधी सुचलं असतं तर?" त्या म्हणाल्या, पण आवाज निवळला होता. माझेही डोळे भरून आले, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी देसाई पुन्हा भंतेजींचा कागद घेऊन आले. मी सामान आवरायला घेतलंच होतं. कागदावर लिहिलं होतं, 'लेखनाचा तास चालू ठेवावा. मात्र गोष्ट त्याच दिवशी पूर्ण करावी.'

पुढे कितीतरी शिबिरं घेतली. हा नियम मी कधी मोडू दिला नाही. श्वास आला काय, गेला काय, सरावानं माणूस शांतपणे बघू शकतो. शेजारच्यांचं भांडण मिटलं का, हे कळल्याशिवाय मात्र भिक्षूलाही राहवत नाही.