तिसरी हाक

भूत, चकवा, बाहेरची बाधा... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचा. शिरड शहापूरला रोडला लागून दुकान, घर तिथून चार किलोमीटरवर, खेड्यात. "मोटारीवर कुणीतरी करणी केली" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर हसणारा माणूस मी!

दोन वर्षांपासून माझ्या गोळ्या चालू होत्या. छाती धडधडायची, झोप उडाली होती, म्हणून हिंगोलीच्या डॉक्टरांनी दिलेल्या. हळूहळू बरं वाटायला लागलं. एक दिवस आई म्हणाली, "बाळू, काहून खाऊन राहिला त्या गोळ्या अजून? चांगला तर हायस की." मलाही तेच ऐकायचं होतं. डॉक्टरांना न विचारता एका दिवसात सगळ्या बंद केल्या. शहाणा ना मी!

चौथ्या दिवसापासून डोक्यात करंट. खरंच करंट — मान वळवली की झटका, नजर फिरवली की झटका. आयुष्यभर शॉक खाल्लेत, पण हा आतून यायचा. मग उगाच रडू यायला लागलं. मग तेही थांबलं आणि काहीच वाटेना. पोरगी कबड्डीत तालुक्याला निवडली गेली — बरं. शेजारचा म्हातारा गेला — बरं. त्यातच हाका सुरू झाल्या. मागून कुणीतरी माझं नाव घ्यायचं. वळून पाहिलं तर कुणी नाही.

बायकोला, मंदाला, सांगितलं तर ती घाबरली. आई मात्र फणकारली, "येडा हायस का? दुपारच्या पारी पहिल्या हाकेला ओ द्यायचीच न्हाई. माणूस असंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंच. दुसरं काही असंल तर ते दोनदाच मारतंय."

"मग तेवढंच धरा की," मंदा म्हणाली. "हाका मोजत जा."

एरवी मी खो-खो हसलो असतो. पण उपाय लागू पडला! हाक आली की मोजायचो. एक... दोन... तिसरी कधीच यायची नाही. मान खाली घालून कामाला लागायचो.

चैत्रातली दुपार. दुकानात एकटाच होतो. लाइट नुकतीच आली होती, साडेबारा झाले असतील. पाच एचपीच्या मोटारीची कॉइल गुंडाळत होतो, सदतिसावा वेढा. "बाळू..." आईचा आवाज, अगदी कानाशी. हात थांबला. "बाळू रे..." दोन. तिसरीची वाट पाहिली. आली नाही. अडतीस, एकोणचाळीस... पुढे चालू.

अडीच वाजता मंदाचा फोन आला. ती अंगणवाडीतून घरी आली तर आई न्हाणीत पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं. दोन तास तशीच पडून होती. मी 'येतो' म्हणालो आणि... लिहायचीही लाज वाटते — आधी कॉइल पूर्ण केली. मग शटर ओढलं.

नांदेडला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आई बोलली. "लाइट आली, पंखा फिराया लागला, तवाच माझा पाय घसरला. तू दुकानात हायस, म्हाईत होतं मला. तरी तुलाच हाक मारली. दोनदा. तिसरी मारणार व्हते रे, तोंडातून शब्दच निघंना."

मी "बरं" म्हणालो. रडायला पाहिजे होतं. रडू आलं नाही.

हिंगोलीचे डॉक्टर जाम चिडले. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, म्हणाले. पुन्हा सुरू केल्या, आता त्यांच्याच सांगण्याने थोड्या थोड्या कमी करत चाललोय. आवाजाचं विचारलं तर म्हणाले, गोळी अचानक सुटली की काहींना होतं असं. पटलं मला. पण चार किलोमीटरवरून? आणि नेमक्या त्याच वेळी, दोनच? "योगायोग," ते म्हणाले. असेल. मला तरी त्याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

झटके गेले. हाकाही गेल्या. आई आता वॉकर धरून चालते. चहा झाला की मला हाक मारते. मी समोरच्याच खुर्चीवर असतो, पहिल्याच हाकेला ओ देतो. तरी ती थांबत नाही. तिन्ही हाका पुऱ्या करते.