चार बोटांची ढील

"शब्द दिलाय मी त्याला."

"गाडी माझ्या नावावर, अन् शब्द तुमचा?"

"नाव कागदावर असतं, साधना. जागा खरी असती. नऊ वर्षं झाली, निम्मं दुकान अडवून बसलीय ती."

"निम्मं कशानं? दोनच तर सीट आहेत तिला."

"तेच म्हणून राह्यलो मी. दोन सीट, डोक्यावर छप्पर न्हाई. आपल्याला काय कामाची? हरिओमशेठच्या लॉनवर शोभंल. गेटापाशी चौथरा बांधणारे, त्यावर ठेवणारे. नवरा-नवरी बसतील, फोटो काढतील."

"चाकं काढणारे तो आधी. मला स्वतः म्हणाला. इंजिनबी काढणारे, चौथऱ्यावर वजन नको म्हणे."

"मंग? फोटोत इंजिन दिसतं का?"

साधनानं शिलाईयंत्राच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. एवढं जड यंत्र ती तळहातानं थांबवते, हे तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं अठरा वर्षं बघितलं होतं, आणि ती असं यंत्र थांबवते तेव्हा पुढचं बोलणं लांबतं हेही त्याला ठाऊक होतं.

नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडे त्यांचं हे पत्र्याचं दुकान. पाटीवर सासऱ्याचं नाव, आत काम साधनाचं. रिक्षांची हुडं, ट्रॅक्टरची छतं, मोटारसायकलींच्या सीटा. लग्न होऊन आली तेव्हा तिला उशीची खोळसुद्धा सरळ शिवता येत नव्हती. सासरा म्हणाला, बस यंत्रावर, चुकली तर उसव. उसवता उसवता ती शिकली. सासरा गेला तोवर स्टँडवरचे रिक्षावाले म्हणू लागले होते, "हूड शिवावं तर साधनाताईनं. टिचकी मारली तर ढोलासारखं वाजतं."

गाडी आली ती नऊ वर्षांपूर्वी. एका बियाणे कंपनीतल्या हैदराबादच्या साहेबांची. लाल, बुटकी, लांब नाकाची, जुनी विलायती. हूड कुजलं होतं, नवं शिवायला टाकून गेले. मग त्यांची बदली झाली, मग ते आजारी पडले, आणि एक दिवस फोनवर म्हणाले, "बाई, आता माझे गुडघे त्या गाडीत शिरत नाहीत. ठेवून घ्या." नावावर करायचे कागद पोस्टानं आले. तोवर साधना रोज तिच्यावरची धूळ पुसत होती. ते कागद आल्यावर तिनं पहिल्यांदा बॉनेट उघडलं.

रामकिसन मिस्त्री म्हणजे एसटी डेपोतून निवृत्त झालेला माणूस, चहाच्या बदल्यात ज्ञान देणारा. त्यानं तिला कार्बोरेटर धुवायला शिकवला, चोक किती ओढायचा ते शिकवलं. "जुनी पेट्रोल गाडी थंडीला भिते," तो म्हणायचा. "सकाळी प्लग काढायचे, तव्यावर गरम करायचे, भाकरी करतो तसे. अन् रेडिएटरपुढं अर्धं गोणपाट लावायचं. चालू झाली न्हाई तर माझं नाव बदल." गाडी चालू व्हायची. साधना पहाटे बायपासपर्यंत एक चक्कर मारून यायची. पण उघडीच. हूड आज शिवू, उद्या शिवू, गिऱ्हाइकांच्या हुडांतून तिच्या स्वतःच्या हुडाला वेळ मिळाला नाही.

"बरं," कल्याण शेवटी म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त दिलेला शब्द त्याच्या पायात घोटाळत होता. "भोगीला आई माहेरी जाती दरवर्षी, तीर्थपुरीला. औंदा तू ने. हूड शिव, गाडीत बसव, सकाळी आठच्या आत पोचव. आई कुडकुडली न्हाई पायजे. मी पहिल्या एसटीनं पुढं जातो, पारावर उभा राहातो. पोचली तर शेठला मी सोता न्हाई म्हणून सांगतो. न्हाई पोचली, तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी लॉनवर."

"अन् हुडातनं पाणी गळलं न्हाई पायजे, वारा शिरला न्हाई पायजे, ते राह्यलंच की सांगायचं."

"हूड बसलं तरी पुष्कळ."

कोपऱ्यात गोजरबाई, कल्याणची आई, पाय पसरून गोधडीला टाके घालत होती. अठ्ठ्याहत्तर वय. तिनं दोरा दातानं तोडला. "मला कुणी इचारलं का, बसती का म्हणून?"

दोघं तिच्याकडे बघायला लागले.

"बसते मी. पण पुढं बसंन. एसटीत जन्मभर मागं बसले."

साधनानं दिवाळीनंतर हूड शिवायला घेतलं. उत्तम काळं रेक्झिन आणलं. दुपारी, पत्रा तापलेला असताना, तिनं सांगाड्यावर ते ताणलं, खडूनं आखलं, कापलं, शिवलं. रिक्षाच्या हुडासारखंच, एक सुरकुती नाही. टिचकी मारली. ढोलासारखं वाजलं. कल्याणनंही मान हलवली.

डिसेंबर लागला आणि एका पहाटे जालन्याला हुडहुडी भरली. साधना दुकानात आली, रात्री मागे दुमडून ठेवलेलं हूड तिनं पुढे ओढलं. काचेच्या वरच्या पट्टीवर दोन कड्या होत्या, त्यांत ते अडकायचं. अडकेना. तिनं गुडघा सीटवर टेकवून ओढलं. चार बोटं अंतर राहिलं. आणखी ओढलं, तर घडीच्या जागी रेक्झिन कडकन तडकलं.

कल्याण दुधाची पिशवी घेऊन मागे उभा होता. तो हसला नाही, पण दुपारपर्यंत सगळ्या स्टँडला कळलं. एक रिक्षावाला मुद्दाम थांबून म्हणाला, "ताई, ढोल थंडीत फुटला म्हणे."

"तुझ्या रिक्षाचं हूड कधी काढलंस का रे?"

"न्हाई. कशाला काढू?"

"मंग बोलू नको."

पण त्याला उत्तर देता देताच तिला आपली चूक दिसली. अठरा वर्षांत तिनं शिवलेलं एकही हूड कधी दुमडलं गेलं नव्हतं. रिक्षावर एकदा चढलं की फाटेपर्यंत तिथंच. दुपारच्या उन्हात सैल झालेलं रेक्झिन तिनं तसंच ताणून कापलं. थंडीत ते आखडलं. ज्या घट्टपणाचं गाव कौतुक करत होतं, त्यानंच घात केला होता.

संध्याकाळी ती तडकलेलं रेक्झिन मांडीवर घेऊन बसली. गोजरबाईनं गोधडी तिच्याकडे सरकवली.

"हात लाव. कशी आहे?"

"मऊ."

"ताणून शिवली असती तर? पहिल्या धुण्यात गोळा झाली असती. दर टाक्याला कापड जरा सोडावं लागतं. सोडलेलं कापड पुढं कामाला येतं."

"किती सोडू, आत्याबाई?"

"किती कमी पडलं?"

"चार बोटं."

"मंग तेवढं सोड. मला काय इचारती, तुला मोजता येतं की."

दुसरं हूड साधनानं पहाटे मापलं, हात गारठलेले असताना, वर चार बोटं ढील सोडून. वरून मंडपाचं जाड सुती कापड, मेण घासून. खालून अस्तर गोजरबाईच्या जुन्या लुगड्यांचं, गोधडीसारखं धावदोरा घालून. तीन आठवडे सासू-सून समोरासमोर बसून टाके घालत होत्या. हूड बसवलं तेव्हा त्याला जरा पोट आलेलं दिसायचं. टिचकी मारली तर आवाजच नाही.

"लेचंपेचं झालं," कल्याण म्हणाला.

"असू द्या."

मग तिनं आणखी एक उद्योग केला. ट्रॅक्टरचा जुना जाड रबरी पाइप आणला, एक तोंड रेडिएटरच्या मागे गरम हवेत बसवलं आणि दुसरं डाव्या सीटच्या पायांशी काढलं. रामकिसन मिस्त्रीनं हात धरून बघितला. "चूल केलीस की गं," तो म्हणाला.

भोगीच्या पहाटे प्लग तव्यावरून उतरले. गोजरबाई कानाला मफलर बांधून, मांडीवर तीळ लावलेल्या भाकरीचं फडकं घेऊन पुढं बसली. किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि दुसऱ्यांदा सुरू झाली.

अंबडच्या रस्त्याला धुकं एवढं, की रस्त्याची पांढरी पट्टी बॉनेटच्या टोकाशी संपत होती. गोधडीच्या अस्तराखाली आत मात्र उबारा. गोजरबाईच्या पायांवर गरम वारा येत होता, ती पाय हलवून हलवून त्याची मजा घेत होती. पण दोघींच्या श्वासानं काच आतून पांढरी झाली. साधना एका हातानं पुसायची, पुन्हा पांढरी. पुढून उसाचा ट्रॅक्टर अंगावर आल्यासारखा एकदम प्रकटला, दोन ट्रॉल्या, दिवा एकाला नाही. तिनं गाडी कडेला दाबली. चाक खडीत घसरलं, सावरलं. तिनं इंजिन चालूच ठेवून गाडी थांबवली.

"आत्याबाई, काही दिसत न्हाई. ऊन पडूस्तोवर थांबावं लागंल."

"मंग आठ कसे गाठशील?"

"न्हाई गाठायचे."

गोजरबाईनं वर बघितलं. आपल्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा तिला डोक्यावर दिसला. "काढ हे वरचं."

"थंडी केवढी आहे. तुम्ही कुडकुडल्या तर गाडी गेली."

"माझे पाय भाजून राह्यलेत इथं. अन् माहेरात मी झाकून जाऊ का? पुढं बसले ते काय फडक्यात गुंडाळायला? काढ."

साधनानं कड्या सोडल्या. थंडीत, धुक्यात, हूड घडीवर घडी घेत मागे गेलं, कुठं तडकलं नाही, कुठं अडलं नाही. काच पुसली, ती पुसलेलीच राहिली. मग ती निघाली. वारं गालांना झोंबत होतं, पायांशी चूल होती, आणि रस्ता आता बैलगाडीच्या चाकोरीइतका का होईना, पण दिसत होता. अंबड मागे पडलं. तुरीच्या शेतांवर उजाडायला लागलं. रस्त्याकडेच्या बाया हांडे खाली ठेवून बघत राहिल्या. गोजरबाई प्रत्येकीला मान हलवून ओळख देत होती, ओळख असो नसो.

तीर्थपुरीच्या पारावर कल्याण हातावर हात चोळत उभा होता. दारही नीट न लागणाऱ्या एसटीत तो दोन तास गारठला होता. आठ वाजायला बारा मिनिटं होती.

"उघडी आणली," तो म्हणाला. "म्हणजे हूड बसलंच न्हाई."

गाडीवर दव होतं, पारावरच्या माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती. साधना न उतरता मागे वळली, एका हातानं हूड ओढलं. दोन कड्या. टक्. टक्. हूड टेकलं, आणि थंडीनं, दवानं सगळं पोट आत ओढून घेतलं होतं. एक सुरकुती नव्हती.

कल्याणनं बोट वाकवून टिचकी मारली. मग आईच्या गालाला हात लावला. हात त्याचाच गार होता.

"तुलाच हिव भरलंय रे," गोजरबाई म्हणाली. "मला तर घाम आला."

कल्याणनं तिथंच फोन काढला. "हरिओमशेठ, गाडी न्हाई मिळायची... न्हाई न्हाई, दुसरं गिऱ्हाईक न्हाई. घरची माणसं वापरून राह्यली." बोलताना त्याची छाती जरा फुगली होती, जणू हूड त्यानंच शिवलं होतं.

मामाच्या ओसरीवर भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा झाला. अख्खी आळी येऊन अस्तरातली लुगडी ओळखून गेली. चौथी भाकरी मोडताना कल्याणनं गाडीकडे बघितलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं,

"परत जाताना मी बसतो म्हणतो, साधनाशेजारी. पाइपाचं काम बराबर झालं का ते बघावं लागंल. आई, तू एसटीनं ये. तुला तर तिकीटबी लागत न्हाई. मी जागा धरून देतो, पुढची. चालंल ना?"

गोजरबाईनं हात धुतले. मफलर कानाला बांधला, नीट गाठ मारली, भाकरीचं रिकामं फडकं काखेत घेतलं, आणि कुणाकडे न बघता ओसरीच्या पायऱ्या उतरून गाडीकडे चालायला लागली.