बर्फावरची मजा आणि आईचा नवस

सत्तरच्या दशकात कलकत्त्यातल्या आमच्या कारखान्यानं मला सहा महिने जपानला काम शिकायला पाठवलं. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघंच. निघताना तिनं एकच अट घातली, "नसतं धाडस करायचं नाही." मी देवघरासमोर उभं राहून हो म्हटलं. हो म्हणण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

जानेवारीतल्या एका रविवारी बरोबरचा बंगाली मित्र आणि दोन जपानी सहकारी मला डोंगरावर स्कीइंगला घेऊन गेले. भाड्यानं घेतलेले जड बूट, पायांना बांधलेल्या लांब पट्ट्या, आणि लहान मुलांच्या उतारावर चाचपडणारे आम्ही दोघे कलकत्तेकर. सहा-सात वर्षांच्या पोरी आमच्या शेजारून सुळकन खाली जायच्या. दुपारपर्यंत मी कितीदा आपटलो कोण जाणे, आणि इतका हसलो की पोट दुखायला लागलं. इतका आनंद मला आयुष्यात क्वचितच झाला असेल. मग अतिशहाणपणा केला. मित्र नको नको म्हणत असताना मोठ्या उतारावर गेलो आणि घोटा मोडून घेतला.

आईला लिहिलं, सकाळी कामावर जाताना रस्त्यावरच्या बर्फावरून घसरलो. तिचं उत्तर आलं, काळजी करू नकोस, मी देवीला नवस बोलले आहे.

काय नवस, ते एप्रिलच्या शेवटी विमानतळावर कळलं. मी नीट चालत बाहेर आलो, आणि समोर आई अनवाणी उभी. मुलगा स्वतःच्या पायांनी चालत परत येईपर्यंत चप्पल घालायची नाही, असं ती बोलली होती. इतके दिवस ती बागबाजारच्या शाळेत शिकवायला तशीच जात होती. उन्हानं ट्रामच्या थांब्यापाशी डांबर मऊ पडायचं. तिच्या टाचा फुटल्या होत्या, एका पायाला चिंधी बांधलेली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. त्यात ती आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगायची, "खाडा नको म्हणून बर्फातून निघाला होता हो." मी मान खाली घालून चहा प्यायचो. लाज वाटायची, आणि ती गिळायचीही हळूहळू सवय झाली.

काही महिन्यांनी तो मित्र जेवायला आला. आईला तो माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचा. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? "माशीमा, हा बर्फात बसून लहान पोरासारखा हसत होता," म्हणत त्यानं सगळं रंगवून सांगितलं, अगदी मोठ्या उतारावरची माझी फुशारकीसुद्धा. आई हसली. त्याला आग्रह करकरून वाढलं.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "आई, मी तुला खोटं लिहिलं."

ती वर न बघता म्हणाली, "मला वाटायचं, तू तिकडे एकटा, थंडीत राबतोयस. पाऊल टाकलं की तेच डोळ्यांसमोर यायचं. हसता हसता पडलास एवढं कळवलं असतंस, तर चालणं इतकं जड गेलं नसतं रे."

ती आता रागावेल, मग रागावेल, अशी वाट बघत मी तिथेच उभा राहिलो. ती रागावली नाही.