जामिनाचे फटाके

"नको जाऊस" असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून तर गेले! दोन वर्षांपूर्वी एका दंगलीची बातमी करताना माझ्या शेजारीच गावठी बॉम्ब फुटला. तेव्हापासून टायर फुटला तरी मला दरदरून घाम सुटतो. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, गोळ्याही दिल्यात. संपादकसाहेबांनी काय दिलं? आंबा महोत्सव आणि पुष्पप्रदर्शन. अहो, घाबरते मी, पण काम विसरलेले नाही! भांडून झाशीची बातमी मागून घेतली.

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये आईच्या मैत्रिणीकडे, सुमनकाकूंकडे उतरले. काकू पिढीजात झाशीकर. "बेटा, आधी नाश्ता, मग तुझी पत्रकारिता. आणि शाल घे, ठंड आहे," म्हणत त्यांनी पोहे-जिलबी पुढे ठेवली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

हिवाळ्यात जाणार असाल तर कानपूर रोडची सकाळची बस पकडा. तिकीट शंभराच्या आत, रस्ता झकास. मी दाराजवळची सीट धरते, कधीही उतरता येतं म्हणून. धडधड वाढली की तळपाय घट्ट टेकवायचे आणि दिसेल त्याचं नाव मनात घ्यायचं: मोहरी, ट्रॅक्टर, वीटभट्टी. चिरगावला आल्याचा चहा घ्या, फार छान मिळतो. मी मोठ नावाच्या गावी उतरून पुढच्या गावाला ई-रिक्षा केली.

तिथे गीता राहते. पंचायतीच्या निवडणुकीत तिचा नवरा हरलेल्या उमेदवारासाठी फिरला होता. निकालानंतर जिंकलेल्यांच्या माणसांनी त्याला घरात घुसून मारलं. तो वाचला नाही. गीता शांतपणे सांगत होती, मी लिहून घेत होते, आणि दाराबाहेर एकदम धडाडधूम!

पुढचं आठवतं ते खाटेखालून. तोंडात धूळ, हात लटलट कापताहेत, श्वास सापडत नाही. गीता वाकून माझ्याकडे बघत होती. "काए दीदी, तुमाए संग भी ऐसो होत है?" मी मान हलवली. तिने डब्यातून कापूस काढला, दोन बोळे माझ्या हातावर ठेवले. "लगा लो. अभी लड़ी चली है, सुतली बम बाकी हैं." लड़ी म्हणजे फटाक्यांची माळ. तिच्या सासूबाईंनी तोवर स्वतःच्या कानात बोळे घातलेसुद्धा होते.

आरोपींपैकी आणखी एक जण जामिनावर सुटला होता. कोणी सुटलं की हार घालून मिरवणूक काढायची, ती गीताच्या दारापुढे थांबवायची आणि तिथेच फटाके लावायचे, अशी तिथे रीत पडली आहे. दर वेळी! कोपऱ्यावर पोलीस उभा होता. खाटेखालून निघाल्यावर मी त्याला जाऊन विचारलं. तो हसून म्हणाला, "मैडम, खुशी है, मनाने दीजिए. पटाखे ही तो हैं." इतका संताप आला की कापरंही थांबलं.

झाशीला परतून काकूंना सांगितलं तर त्या कडाडल्या, "मेल्यांना लाज कशी नाही वाटत! रांडव बाईच्या दारात?" मग मला जबरदस्तीने खिचडी खाऊ घातली.

पुण्यात पोहोचले तोच संपादकांचा फोन. "छान झालीय बातमी. फटाक्यांचा भाग तेवढा काढलाय. तो तुझ्या आजारपणातून आलाय गं, बातमीतून नाही."

वा! माझं दुखणं बरं कामी आलं त्यांच्या! मी खाटेखाली गेले म्हणून फटाके खोटे? मग त्या सासूबाईंच्या कानातला कापूस कुठल्या आजाराचा?

संध्याकाळी गीताचा फोन आला. "दीदी, पटाखों वाली बात छपेगी न? मारने वाली बात तो सब लिख गए. ये कोई नहीं लिखता, और हमें रोज़ इसी का डर है."

मी बातमीवरून माझं नाव काढून घेतलं आणि कापलेला भाग इथे माझ्या ब्लॉगवर लिहिला. नोकरीचं काय होईल ते होवो.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला बातमीसाठी जाणार असेल, तर जरूर जा. गीता बोलेल. फक्त दार हळू वाजवा.