मायफळं निवडणारी शेवंताबाई

लालबागला रामदासशेटच्या काष्ठौषधींच्या दुकानात शेवंताबाई एकोणीस वर्षं मायफळं निवडत होती. ही फळं नव्हेतच, हे तिला शेटनेच सांगितलं होतं. दूर इराणकडे ओकच्या फांदीत चिलटाएवढी गांधीलमाशी अंडं घालते, झाड त्याभोवती गाठ धरतं, अळी आत पोसते आणि पंख फुटले की भोक पाडून निघून जाते. भोक नसलेली मायफळं बाळगुटीला, भोकाची रंगाऱ्याला. एवढंच तिचं काम.

दिवाळीपासून तिला भोकं दिसत नव्हती. ती अंगठ्याने चाचपून निवडायची. चाळीतल्या खोलीत तिच्यामागे कमावणारं कुणी नव्हतं, म्हणून तोंडाला कुलूप.

त्या दिवशी हरताळ होता. दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, बाहेर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ घुमत होतं. शेटने तिच्या चांगल्या ढिगातलं एक मायफळ उचललं, नखाने टोकरलं.

“शेवंताबाई, हे काय? विकणाऱ्याने भोकात मेण भरलंय! ह्यात तर अशी ढीगभर आहेत.”

“अंगठ्याला लागलं नाय, शेट.”

“अंगठ्याला? आणि डोळे कुठे माहेरी गेले?”

बाहेरचा घोष पुढे सरकला. शेट जरा ओशाळला. “उजेड नाही म्हणा. फळ्या लावल्यात.”

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण परवाच गुटीची पुडी न्यायला आलेल्या बाळंतिणीचं रडवेलं तोंड तिला आठवलं. ते तरी कुठे नीट दिसलं होतं.

“उजेडाचं काय नाय. दिवाळीपासून दिसतच नाय मला.”

शेट हातातलं मायफळ फिरवत राहिला. तीच म्हणाली, “उन्हात टाकली तर मेण पाघळेल. मग अंगठ्याला कळेल.”

“आणि पावसाळ्यात?”

“तव्यावर शेकवीन.”

“तव्यावर! मायफळं आहेत ती, पापड नव्हेत.” त्याला हसू फुटलं, मग त्याने मान हलवली. “बरं. उद्यापासून गच्चीत बसा.”

नोकरी राहिली. शेवंताबाईला बरं वाटायला हवं होतं. पण जा घरी, पुरे झालं, असं कुणीतरी म्हणेल, याची ती आत कुठेतरी वाट पाहत होती, हे तिला आत्ता कळलं. तिने पदर खोचला, मायफळांचं सूप कमरेवर घेतलं आणि पायऱ्या चाचपत वर निघाली. गच्ची तिसऱ्या मजल्यावर होती.