रियाजभाईचा उन्हाळी टायर

लोह्यात बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला चिकटून रियाजभाईचं सायकलचं. मधली भिंत पत्र्याची. बावीस वर्षं आम्ही शेजारी आहोत. भांडणं रोजची, पण अबोला आम्ही एकदाच धरला. तो गेल्या मे महिन्यात, एका टायरपायी, आठ-नऊ दिवस. चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगीच शेवटपर्यंत मला शहाणा समजत बसाल.

रियाजभाईचे आजोबा निजामाच्या राज्यात टपालवाल्यांच्या सायकली दुरुस्त करायचे. मग बापाने तेच केलं, मग याने. वय छप्पन. बोलणं मोजकं आणि कामाची एक खोड अशी की गिऱ्हाईक वैतागून जावं. पंक्चर घेऊन माणूस आला की हा आधी ट्यूबला ठिगळ लावत नाही. टायर उलटा करतो, आतून बोटं फिरवतो आणि काटा सापडेपर्यंत फिरवतच राहतो. सापडला की उपटून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. मगच सोल्युशनची ट्यूब उघडणार. बसची वेळ झालेला माणूस बोंबलत असतो, "अहो भाई, लावा ना पटकन!" हा आपला ढिम्म. मी एकदा म्हटलं, तुझ्या या सोंगापायी निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जातात. तो म्हणाला, "जाऊ द्या की. काटा आत ठिवून पैशे घेनं मला जमत न्हाई." 

तनुजा त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वी आली. जवळच्याच खेड्यातली मुलगी, पोस्टात डाकसेवक, तीन गावांचं टपाल सायकलवर वाटायची. वाटता वाटता तिला माळावरून, ओढ्यातून सायकल दामटायचा नाद लागला. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि तिथून तिला गियरची डोंगरी सायकल मिळाली. ती सायकल दुरुस्त करायला लोह्यात कोण होतं? रियाजभाई मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला. व्हिडिओतला गोरा माणूस काय बोलतो हे त्याला एका अक्षरानेही कळत नव्हतं. "त्याचे हात बघून राहिलो ना मी," म्हणायचा, "तोंड कशाला ऐकू?"

गेल्या मे महिन्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, आणि नशिबाने ती आमच्याच तालुक्यात, चिंचमाळच्या टेकडीवर. पहिल्या तिघी संघात. तनुजाला तेविसावं लागलेलं. पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटची संधी. हे तिला माहीत होतं, रियाजभाईला माहीत होतं आणि मी ते गावभर सांगत सुटलो होतो.

प्रश्न टायरचा होता. सायकलीबरोबर आलेले टायर उंच दाण्यांचे, जाडजूड. चिखलात उत्तम, पण कडक मुरमावर घरघर करत जीव काढायचे. उन्हाळ्यात चालतो तो बुटक्या, दाट दाण्यांचा हलका टायर. पायंडल थांबवलं तरी पळत राहतो. मी इंटरनेटवरून इंग्रजी लेख काढून रियाजभाईला वाचून दाखवले. त्यात 'उन्हाळ्यासाठी अमुक टायर, तमुक टायर' असं लिहिलेलं. रियाजभाईने विचारलं, "यायच्याकडं उन्हाळ्यात किती टेंपरेचर ऱ्हातंय?" मी बघून सांगितलं, पंचवीस-सव्वीस. तो हसून हसून लाल झाला. "ह्यो उन्हाळा हाय व्हय? बंद करा ते शेषेरावभाऊ."

मग त्याने त्याच्या पद्धतीने सुरू केलं. गावाबाहेरच्या उतारावर तनुजाला सायकल सोडायला लावायची, पायंडल मारायचं नाही, जिथे थांबेल तिथे खडूची रेघ. प्रत्येक टायरची वेगळी रेघ. मागे हलका टायर घातला तर सायकल जाड टायरच्या रेघेपुढे चाळीस पावलं जायची. पुढे मात्र त्याने मधल्या दाण्यांचा ठेवला, कारण वळणावर पुढचं चाक घसरलं की माणूस गेलाच. पण हलक्या टायरची चामडी पातळ. आत ते पांढरं औषध भरतात, बारीक भोक आपोआप बुजतं. सराट्याच्या बारीक काट्याला ते पुरतं, बाभळीच्या काट्याला नाही. तेव्हा सगळं येऊन अडलं ते रस्त्यात कोणते काटे आहेत यावर.

शुक्रवारी सकाळी रियाजभाई कोऱ्या रबरी चपला घालून चिंचमाळला निघाला. मलाही ओढत नेलं. शर्यतीचा फेरा चार किलोमीटरचा, तसे पाच घ्यायचे. आम्ही तो एक फेरा चाललो, म्हणजे तो चालला आणि मी त्याला शिव्या घालत घालत मागून गेलो. फेरा संपल्यावर त्याने चपला काढल्या, उलट्या केल्या आणि डोळ्यांजवळ धरून त्यांचे तळ निरखले. अकरा सराटे, सगळे ओढ्याजवळचे. बाभळीचा एकही नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला येडी बाभूळ माजलेली होती, पण जिवंत झाडाचा काटा झाडावरच होता. "मागं हलका चालतंय," तो म्हणाला. "ओढ्यापाशी तिनं फकस्त डावी बाजू धरावी." झालं, टायर ठरला.

आता माझं ऐका. चिंचमाळचा सरपंच भुजंग माझा सख्खा भाचा. शनिवारी मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी त्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, उद्या राज्यभरातून पोरी येणार, आपल्या तालुक्याची पोरगी पळणार, रस्ता जरा साफसूफ करून ठेव. गावाची इज्जत आहे." भुजंग म्हणाला, "मामा, तुम्ही बोलला म्हंजे झालंच." आणि मी झोपलो सुखाने.

रविवारी पहाटे आम्ही पोचलो तर माळाचं रूप पालटलेलं. दोन्ही अंगाची बाभूळ साफ. चुन्याच्या रेघा, पताका, कमान. मला तर भरून आलं.  रियाजभाई सवयीप्रमाणे चपला घालून रस्त्याने चालायला लागला आणि शंभर-दोनशे पावलांवरून परत आला, चपला हातात घेऊन, अनवाणी. चपलांचे तळ माझ्यापुढे धरले. काट्यांनी भरलेले, बोटभर लांब, काळ्या टोकांचे.

झालं होतं ते असं. चाळीस माणसांनी दिवसभर बाभूळ तोडली. तोडलेल्या फांद्या फुकट घालवतो का आपला शेतकरी? पेरणीआधी प्रत्येकाला शेताला काटेरी कुंपणाची कुपाटी घालायची असते. ज्याने त्याने दोराने मोळ्या बांधल्या आणि आपापल्या शेताकडे फरफटत नेल्या. कुठून? तर त्याच साफ केलेल्या रस्त्यावरून. वर आणखी खराट्याने झाडून धूळ सारखी केली, त्यामुळे काटे दिसेनासे झाले. भुजंग हौसेने सांगत आला, "मामांनी हुकूम केला ना, मंग कसर सोडतो का आम्ही?" रियाजभाईने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

प्रमुख पाहुणे यायचे होते. साडेसहाची शर्यत त्यांच्यासाठी थांबलेली. शाली, नारळ टेबलावर मांडलेले, निवेदक तेच तेच बोलत होता. तनुजा पलीकडच्या शेडमध्ये अंग गरम करत होती. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी रियाजभाईला बाजूला घेतलं. "हे बघ, सगळ्या पोरींचे टायर हलके आहेत. कुणाला काही ठाऊक नाही. आपले जाड टायर गाडीत आहेत. बदल मागचा-पुढचा दोन्ही. बाकीच्या दुसऱ्या फेऱ्यात बसतील रस्त्यात, आपली पोरगी आरामात निघेल." मला त्या वेळी त्यात काही वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

तो गाडीकडे वळला. गाडीतून जाड टायर काढले, सायकल उलटी केली, मागचं चाक सोडवलं. हलका टायर अर्धा रिंगेबाहेर आला, पांढरं औषध मातीत सांडलं. मग त्याचे हात थांबले. बराच वेळ तो तसाच उकिडवा बसून राहिला. मी म्हटलं, "आटप लवकर, पाहुणे आले म्हणजे?" त्याने टायर पुन्हा रिंगेत बसवला, नवीन औषध ओतलं, हवा भरली, चाकावर ओलं पोतं टाकलं उन्हाने हवा फुगू नये म्हणून, आणि चपला उचलून सरळ स्टेजकडे निघाला.

बावीस वर्षांत मी त्या माणसाला माइकजवळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. निवेदकाच्या हातून त्याने माइक घेतलाच. दोन्ही चपला उंच धरल्या. "ह्ये बघा. रस्त्यात बाभळीचे काटे हायेत. कुन्या पोरीला असं सोडू नका." एवढंच बोलला आणि खाली उतरला. मांडवात गलका उडाला. संयोजक चिडले, भुजंगाचं तोंड उतरलं, पाहुणेही नेमके तेव्हाच आले. मग गावातल्या बाया खराटे घेऊन निघाल्या, माणसं वाकून वाकून काटे वेचायला लागली. रियाजभाई सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे. चार किलोमीटर. माझ्या दोन्ही हातांच्या बोटांतून रक्त आलं आणि ते यायलाच पाहिजे होतं.

शर्यत सव्वानऊला सुटली. ऊन डोक्यावर. तनुजाने पहिले तीन फेरे दुसरा नंबर धरून ठेवला. सपाटीला तिची सायकल अशी पळत होती की बघणारे ओरडत होते. टायर बरोबर निवडला होता, त्यात काडीची चूक नव्हती. चौथ्या फेऱ्यात चढावर एकीने तिला मागे टाकलं, पाचव्यात शेवटच्या चढावर आणखी एकीने. त्या पोरींच्या मांड्यांत जास्त दम होता, बस्स. तनुजा चौथी आली. सहा सेकंदांनी. पहिल्या तिघींपैकी कुणाचंही चाक बसलं नाही.

सहा सेकंद! मी घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवसापासून रियाजभाईशी बोलणं बंद केलं. काटे माझ्यामुळे पडले आणि राग मी त्याच्यावर धरला, माणूस असाच असतो. त्यानेही चहाला हाक मारली नाही. लोक यायचे, हळहळायचे, कुणी म्हणायचं लई मोठं काम केलं भाईनं, कुणी म्हणायचं पोरीचं वाटोळं केलं. तो चाकं फिरवत बसलेला असायचा.

तनुजा नवव्या दिवशी आली. खांद्याला टपालाची पिशवी. सायकल भिंतीला लावली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. मी माझ्या दारात होतो, सगळं ऐकू येत होतं.

"चाचा, जाड टायर चढवायला घेतले होते ना तुम्ही? मला भुजंगदादांनी सांगितलं."

"हाव."

"मग थांबलात का?"

"बाकीच्यायच्या बी पोरीच हायेत," तो म्हणाला. "कुनी उतारावर पडली असती तं?"

 तिचा आवाज चढला. "माझी शर्यत होती चाचा. दोन वर्षं मी घासली. मला एका शब्दाने विचारायचं होतं ना! विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. सांगू नका कुणाला, असंच म्हटलं असतं मी."

रियाजभाईने हातातला पाना खाली ठेवला.

"मला ठाव होतं ते," तो म्हणाला. "म्हनून तं इचारलं न्हाई. तू नको म्हनली असती, आन् मंग जन्मभर ते तुझ्या डोक्यावर ऱ्हायलं असतं. आता माझ्या डोक्यावर हाय. असू दे."

चौथी आल्यावर ती रडली नव्हती. आता दुकानाच्या पायरीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन रडली, मोठ्याने, रस्त्यावरचे लोक बघत होते तरी. रियाजभाईने तिला माठातलं पाणी आणून दिलं आणि तिची सायकल स्टँडवर घेतली.